बोअरच्या पाण्यातली हिरवी टाकी : साताऱ्यातल्या एका घराचं प्रकरण

हे घर मंगळवार तळ्याच्या अंगाला, एका अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर. माणसं चार: निवृत्त आजोबा, मुलगा-सून दोघंही नोकरीवाले आणि सातवीतला नातू. नातवाच्या वाढदिवसाला माशांची दोन फुटी टाकी आली ती दुकानातूनच सजून आली. निळे-गुलाबी खडे, प्लास्टिकची झाडं, तोंडातून बुडबुडे सोडणारी कवटी आणि सहा गोल्डफिश. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. आजोबांनी सगळं पाणी उपसून टाकी लख्ख घासली. पुन्हा दुधाळ, पुन्हा घासली. दोन आठवड्यांत शेवटचा मासा गेला आणि टाकी गॅलरीत जाऊन पडली. दुकानदाराने निदान एका वाक्यात आटोपलं: "इथलं पाणीच माशांना मानवत नाही."

माझ्यापर्यंत हे आलं ते सूनबाईंच्या अटीसकट. "सर, झाडं-मासे काय हवं ते लावा. पण रोज कुणी हात घालणार नाही. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास मिळेल, तोही रविवारी." इतकं स्वच्छ सांगणारी माणसं कमी. बहुतेक जण 'आम्ही करू की सगळं' म्हणतात आणि दुसऱ्या महिन्यात टाकीकडे बघायचं सोडतात. इथे अट आधी होती, म्हणून टाकी तिच्या मापाने बेतता आली.

आधीचे मासे कशाने गेले

माशाच्या गिलांतून, म्हणजे कल्ल्यांतून, आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो, उरलेलं खाणं कुजून आणखी होतो. मुरलेल्या टाकीत एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विषारी, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि झाडांना खत. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते स्पंज, वाळू, काच यांवर चिकटून राहतात आणि पुरेसे व्हायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. म्हणजे नव्या टाकीत पहिल्याच दिवशी सहा गोल्डफिश सोडणं चूक, आणि दर चार दिवसांनी टाकी घासणं म्हणजे जेमतेम रुजू लागलेले जिवाणू पुन्हा धुऊन टाकणं. ते दुधाळ पाणीही दुसऱ्याच जिवाणूंची तात्पुरती वाढ असते. हात लावला नाही तर काही दिवसांत आपोआप निवळते.

दुकानदाराचं म्हणणं मात्र अगदीच हवेत नव्हतं. या घरात दोन पाणी आहेत. सकाळी थोडा वेळ नळाला येणारं कास तलावाचं, आणि दिवसभर वरच्या टाकीतून येणारं बोअरचं. दोन्ही मोजली. क्षारांच्या थेंब-चाचणीत कासचं पाणी दोन-तीन थेंबांतच रंग बदलून मोकळं झालं, बोअरला अठरा थेंब लागले. एक थेंब म्हणजे जडपणाचा एक जर्मन अंश. अठरा अंश म्हणजे लिटरला ३२० मिलिग्रॅमच्या आसपास क्षार. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक २०० पर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं, त्यामुळे हे काही जगावेगळं पाणी नव्हे. बाथरूमच्या नळावर पांढरी पुटं चढतात आणि साबणाला फेस येत नाही, तेच हे.

पीएचमध्ये एक गंमत होती. बोअरचं ताजं पाणी ७.३ दाखवत होतं, तेच बादलीत रात्रभर ठेवल्यावर ८.१. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो उडून गेला की पीएच चढतो. आणि अमोनियाचा विषारी अंश पीएचवर ठरतो: २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ ला पाच टक्के. दहापट. तितकीच घाण कासच्या पाण्यात असती तर ते गोल्डफिश कदाचित आणखी काही दिवस तगले असते. पाणी गुन्हेगार नव्हतं, पण गुन्ह्याला हातभार लावणारं होतं.

कोणतं पाणी घ्यायचं

नातवाला निऑन टेट्रा हवे होते. निऑन मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातले, मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाण्यातले. पुस्तकी उत्तर सोपं होतं: कासचं पाणी घ्या, निऑन सोडा, झाडंही लाल-हिरवी हवी तेवढी लावा.

मी नको म्हटलं. कासचं पाणी या घरात हंड्या-पिंपांत भरून ठेवायचं पाणी आहे. उन्हाळ्यात ते दिवसाआड झालं की स्वयंपाकघरातली कोणतीही बाई माशांसाठी बादलीभर पाणी काढू देणार नाही, आणि का द्यावं? मग त्या आठवड्यात पाणी बदलणं राहणार, पुढच्यातही राहणार, आणि शेवटी कुणीतरी वैतागून बोअरचं ओतणार. मऊ पाण्याची सवय झालेल्या माशांना एकदम एवढं जड पाणी म्हणजे धक्काच. दोन्ही पाणी मापाने मिसळायचा मार्ग होता, पण रविवारच्या अर्ध्या तासात माप कोण सांभाळणार?

जे पाणी कधीही, कुणालाही न विचारता मिळतं, ते बोअरचं. शिवाय त्यात माशांना घातक क्लोरीन नाही, म्हणजे तो घालवायला 'पाणी चोवीस तास उघडं ठेवलं का, थेंब टाकले का' ही एक काळजी कमी. म्हणून टाकी बोअरच्या पाण्यावर, आणि मासे-झाडं त्या पाण्याला मानवणारी. नवशिक्याने दुकानात जाऊन मासा आवडला म्हणून आणायचा आणि मग त्याच्यासाठी पाणी बनवत बसायचं, हा उलटा क्रम मला कधीच पटलेला नाही.

माशांचा प्रश्न त्यामुळे लगेच सुटला. गप्पी आणि प्लॅटी, दोन्ही जड पाण्यात खूश. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खातं जे गप्पी वाटतं, त्यांचेच हे रंगीत भाऊबंद. नातू थोडा हिरमुसला. "गप्पी तर गटारात पण असतात," म्हणाला. शेपट्यांचे रंग बघेपर्यंतच तो राग टिकला.

झाडं

या प्रकरणात सगळ्यात जास्त विचार झाडांचा झाला, कारण टाकीचं बरंचसं काम त्यांच्याकडून करून घ्यायचं होतं. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर, द्रव खतं, प्रखर दिवे हे सगळं अटीबाहेर. जड पाण्यात पीएच आठच्या घरात असला की मोकळा कार्बन डायऑक्साइड फार थोडा उरतो, बहुतेक कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात असतो. काही पाणवनस्पतींना हे बायकार्बोनेट वापरता येतं, काहींना येत नाही. वॅलिस्नेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट यांना येतं. दुकानात हमखास मिळणाऱ्या पिसाऱ्यासारख्या कॅबोम्बाला येत नाही. म्हणून जड पाण्यात तो आठवडाभर छान दिसतो आणि मग काड्या उरतात. लोक म्हणतात, 'माझ्या हाताला झाडं लागत नाहीत.' हाताचा काही संबंध नसतो.

मागे वॅलिस्नेरियाच्या लांब पट्ट्या, वर मोकळा सोडलेला हॉर्नवर्ट, मध्ये क्रिप्टोकोरिन वेंडटी, आणि काळ्या कातळाच्या दोन तुकड्यांवर दोऱ्याने बांधलेले अनुबियास आणि जावा फर्न. शेवटची दोन्ही हळूहळू वाढणारी, पण कमी उजेडात तग धरणारी. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं, म्हणून बांधायची. आपल्याकडचा बेसॉल्टचा दगड पाण्यात काही सोडत नाही. संगमरवराचे तुकडे आणि शंख-शिंपले मात्र नकोत, आधीच जड असलेलं पाणी आणखी जड होतं.

मुलाने मध्येच सुचवलं, "कासच्या पठारावर डबक्यांत किती सुंदर झाडं असतात, दोन कंद आणू?" त्याच्या मनात वायतुरा होता, गुलाबी फुलांचा दुभंगलेला तुरा येणारा. ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस या नावाने १९८२ मध्ये शास्त्रीय नोंद झालेली ही वनस्पती आपल्या भागातल्या जांभ्याच्या पठारांवरच सापडते. तिथून काहीही उपटायचं नाही, हे तर आहेच. पण टाकीच्या दृष्टीनेही ती निरुपयोगी: पावसाळा संपून डबकी आटली की ती कंदाच्या रूपात झोपते. बारमाही पाण्यात, ट्यूबलाइटखाली तिला ठेवण्यात काही अर्थ नाही. नदीतून हायड्रिला आणायचीही गरज नाही, त्याबरोबर जळवा आणि चतुराच्या अळ्या येतात. चतुराची अळी गप्पीचं पिल्लू सहज धरते.

मांडणी

जुनीच टाकी वापरली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. पाणी साधारण ५५ लिटर राहतं. वाळू, काच, दगड धरून वजन नव्वद किलोच्या घरात जातं, म्हणून टीव्हीचं शोकेस बाद. दिवाणखान्यात भिंतीला लागून कडाप्पाचा कट्टा होता, त्यावर अर्ध्या इंचाचा थर्माकोल टाकून टाकी ठेवली. काचेखाली खडा राहिला तर काच तडकते, थर्माकोल तो दाब वाटून घेतो. खिडकी समोर नको. सकाळचं थेट ऊन आलं की शेवाळाला आमंत्रणच.

तळाला एक इंच माती, वर दीड इंच वाळू. माती नर्सरीतली साधी लाल माती, शेणखत न मिसळलेली. दोन-तीनदा पाण्यात कालवून वरचा काडी-कचरा ओतून दिला. शेतातली काळी माती नको म्हटलं. ती फुगते, पाणी गढूळ ठेवते आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात. वाळूवरही लिंबू पिळून बघितलं, फसफसली असती तर चुन्याची. बांधकामाची क्रश सँड आजोबा फुकट आणणार होते, पण तिच्या कडा धारदार असतात आणि धुता धुता दिवस जातो. नदीची जुनी जाड वाळू मिळाली ती घेतली.

फिल्टर म्हणून हवेच्या पंपावर चालणारा स्पंज. स्वस्त, आवाज थोडा, बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही. पंप टाकीच्या पातळीच्या वर खिळ्याला टांगला. हे किरकोळ वाटतं, पण वीज गेली की नळीतून पाणी उलटं येऊन खालच्या पंपात आणि तिथून बोर्डात जातं. साताऱ्याच्या पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. नळीत एकदिशा झडपही टाकली.

दिवा साधा एलईडी, आणि त्याला टायमर: दुपारी चार ते रात्री दहा. माणसं घरी असतात तेव्हाच टाकी उजळलेली हवी. सहा तासांच्या वर मी जाऊ देत नाही. पूर्ण खर्चात टायमर ही सगळ्यात लहान रक्कम, आणि सगळ्यात मोठं काम तोच करतो.

माझ्या चालू टाकीतला स्पंज त्यांच्या टाकीत पिळला. तपकिरी, घाणेरडं पाणी सुटलं. सूनबाईंनी तोंड वाकडं केलं. "हे विरजण आहे," म्हटल्यावर हसल्या आणि पुढे काही समजवावं लागलं नाही.

पहिले काही आठवडे

मासे नव्हते, म्हणून नातू रोज विचारायचा. आजोबा रोज बघायचे, आणि एके सकाळी फोन: "सर, झाडं कुजायला लागली की हो!" क्रिप्टोकोरिनची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन गळत होती. रोपवाटिकेत ही झाडं बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. पाण्यात गेली की ती पानं टाकून देतात आणि खालून पाण्यातली नवी पानं काढतात. मुळं घट्ट असतील तर उपटायचं नाही, फक्त गळलेली पानं उचलायची. पंधरवड्यात कोवळी, तांबूस पानं दिसायला लागली.

मग काचेवर तपकिरी धूळ बसली. ती डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची, नव्या टाकीत येतेच. पुसली, परत आली, मग यायची थांबली. झाडांबरोबर आलेल्या चपट्या गोगलगाई दिसल्या तेव्हा 'औषध टाकू का' विचारणा झाली. नको. त्यांची संख्या खाणं किती जास्त पडतंय याचा हिशेब दाखवते, तेवढ्यासाठी तरी त्या हव्यात.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्हीच्या चाचण्या सलग शून्य दाखवू लागल्यावर सहा नर गप्पी आले, काही आठवड्यांनी चार प्लॅटी. गप्पी नरच घेतले, कारण मादी साधारण महिन्याला पिल्लं घालते आणि मग अट मोडते. खाणं दिवसातून एकदा, एका मिनिटात संपेल तेवढंच. शनिवारी आजोबांच्या उपासाबरोबर माशांचाही उपास. हा नियम घरात फारच आवडीने पाळला जातो.

दिवाळीतली गडबड

दिवाळीच्या साफसफाईत घरातला कोपरान् कोपरा निघाला, त्यात टाकीचा स्पंजही. कामवाल्या मावशींनी तो कपड्याच्या पावडरीत भिजवून, पिळून, गच्चीत कडक उन्हात वाळवला आणि परत लावला. मनापासून केलेलं काम. दोन दिवसांनी मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून होते. चाचणीत अमोनिया थोडा, नायट्राइटचा रंग स्पष्ट गुलाबी.

निम्मं पाणी बदललं, दोन दिवसांनी परत. खाणं बंद. दहा लिटरला एक सपाट चमचा खडेमीठ विरघळवून सोडलं. मिठातलं क्लोराइड गिलांतून नायट्राइट आत शिरू देत नाही, आणि एवढ्याने या झाडांना काही होत नाही. एकही मासा गेला नाही. याचं श्रेय मी मिठापेक्षा झाडांना आणि वाळूला देईन: जिवाणूंचा मोठा साठा वाळूत आणि मुळांत शाबूत होता, आणि झाडं अमोनिया थेट शोषतात. प्लास्टिकच्या झाडांची टाकी असती तर चौथ्या दिवशी रिकामी झाली असती. आता स्पंजवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, नातवाच्या अक्षरात: 'मला फक्त टाकीच्याच पाण्यात बुचकळा.'

उन्हाळा आणि आजची स्थिती

हिवाळ्यात पाणी वीस अंशांच्या जवळ उतरलं, मासे मंदावले, हीटर लावला नाही. खरा ताण एप्रिल-मेचा. पाणी तिशी ओलांडतं आणि तेवढ्या गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो: २० अंशांना लिटरमध्ये ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० ला साडेसात. झाकण उघडं ठेवलं, पंखा टाकीच्या दिशेने वळवला, खाणं निम्मं केलं. बर्फाचे तुकडे टाकायचा आग्रह झाला, तो मोडून काढला. एकदम चढउतार गरमीपेक्षा वाईट.

उन्हाळ्यातली दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पाणी उडून जातं, क्षार मागेच राहतात. पातळी भरायला रोज बोअरचं ओतलं तर महिन्याभरात टाकीतलं पाणी बोअरपेक्षाही जड. म्हणून पातळी भरायला फक्त कासचं किंवा आरओच्या नळाचं शुद्ध पाणी, आणि ते तांब्याभरच लागतं, म्हणून त्यावरून घरात भांडण नाही. आरओचं टाकाऊ पाणी मात्र अजिबात नको, त्यात तर क्षार एकवटलेले असतात. वॅलिस्नेरियाच्या जुन्या पानांना बोट लावलं तर खरखरीत लागतं. बायकार्बोनेट वापरताना पानावर चुना साचतो, त्याची ती पुटं. रोग नव्हे.

सध्याचं काम असं: पंधरा दिवसांतून एका रविवारी नळीने एक बादली पाणी काढायचं, त्यातच स्पंज बुचकळायचा, आदल्या रात्री भरून ठेवलेली बोअरची बादली हळू ओतायची. काढलेलं पाणी तुळशीला आणि गॅलरीतल्या कुंड्यांना. पुढची काच एकदा पुसायची, बाजूच्या काचांवरचं शेवाळ गोगलगाईंना सोडायचं. गणपतीत सगळे आठवडाभर गावी गेले तेव्हा खाणं घालायला शेजाऱ्यांना किल्ली दिली नाही. धडधाकट मोठे मासे तेवढे दिवस खाण्यावाचून सहज काढतात, आणि शेजारी प्रेमाने मूठभर घालतात तेच जास्त धोक्याचं.

दोन गोष्टी अजून सुटायच्या आहेत. प्लॅटींत एक मादी निघाली आणि आता झाडांत बारीक पिल्लं फिरतात. बरीचशी मोठे मासेच खातात, उरलेली नातू वर्गातल्या मुलांना द्यायच्या विचारात आहे. ती तळ्यात किंवा ओढ्यात सोडायची नाहीत, एवढं मात्र त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. दुसरं म्हणजे त्याला आता चार फुटी टाकी हवीय. ती भरली की अडीचशे किलोच्या वर जाते, आणि या घरात तेवढं पेलणारी एकच जागा आहे, तिथे आजोबांची खाट आहे. आजोबांनी अजून उत्तर दिलेलं नाही.